कर्वेनगर सोडून मोठे घर घ्यायचे आहे: बावधन, म्हाळुंगे, बालेवाडी, की इथेच?

तिसरा मजला

सर्वांना नमस्कार.

आम्ही कर्वेनगरात एका तीन मजली इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर राहतो. इमारत १९९८ मधली असून तिला लिफ्ट नाही. सदनिका दोन बेडरूमची, सुमारे ६२० चौरस फूट चटई क्षेत्राची आहे. घरात आम्ही पतिपत्नी, यंदा नववीत जाणारी मुलगी आणि माझी ७४ वर्षांची आई असे चौघे आहोत. गुडघ्यांमुळे आईचे जिना उतरणे जवळजवळ बंद झाले आहे, मुलीला अभ्यासासाठी स्वतंत्र खोली हवी आहे, आणि माझे निम्मे काम घरूनच चालत असल्याने जेवणाच्या टेबलावर मांडलेले माझे बस्तान रोज दोन वेळा उचलावे लागते. म्हणून तीन बेडरूमचे घर घ्यायचे आम्ही ठरवले आहे.

माझे कार्यालय हिंजवडीच्या दुसऱ्या टप्प्यात आहे आणि आठवड्यातून तीन दिवस तेथे जावे लागते. पत्नी सदाशिव पेठेतील एका शाळेत शिक्षिका आहे. तिची शाळा सकाळी सातला भरते आणि ती दुचाकीने जाते. मुलीची शाळा कोथरूडमध्ये आहे. राहते घर विकून आणि कर्ज काढून १ कोटी ४० लाखांपर्यंत जाण्याची आमची तयारी आहे. एवढ्या रकमेत कोथरूड-कर्वेनगर भागात नव्या इमारतीतील तीन बेडरूमचे घर आम्हाला तरी आढळले नाही, त्यामुळे आम्ही पश्चिमेकडे सरकत गेलो.

सध्या तीन घरे विचाराधीन आहेत. बावधनमध्ये एका नव्या प्रकल्पात अकराव्या मजल्यावरील घर, ज्याचा ताबा दोन वर्षांनी मिळेल. म्हाळुंगे येथील मोठ्या संकुलातील घर, जिथे पोहण्याचा तलाव, क्लब हाऊस आणि तळमजल्यावर दुकाने आहेत आणि तिन्हींमध्ये खोल्या सर्वांत मोठ्या आहेत. आणि बालेवाडीत साधारण बारा वर्षांच्या इमारतीतील पुनर्विक्रीचे घर, जे आकाराने लहान असले तरी लगेच राहता येण्याजोगे आहे. प्रत्येक ठिकाणी दाखवायला आलेल्या माणसाने मेट्रोचे नाव घेऊन भाव कसे चढतील हे समजावले. मला गुंतवणूक करायची नाही. पुढील वीस वर्षे राहायचे आहे. अशा माणसाने वस्ती कोणत्या निकषांवर निवडावी, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.

रामनदीकाठ

मी बावधनमध्येच राहतो, त्यामुळे तिथल्याविषयी थोड्या अधिकाराने लिहितो.

आपण ज्याला बावधन म्हणता ते कोणते, हे आधी पाहा. बावधन खुर्द १९९७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आले, तर बावधन बुद्रुक ३० जून २०२१ रोजी समाविष्ट झालेल्या २३ गावांपैकी एक आहे. जाहिरातीत दोन्हीकडे नुसते 'बावधन' लिहिलेले असते. हाच फरक बालेवाडी आणि म्हाळुंगे यांच्यात आहे: बाणेर-बालेवाडी १९९७ चे, सूस-म्हाळुंगे २०२१ चे. कागदावर सगळे पुणेच. परंतु जलवाहिनी, मैलापाण्याची वाहिनी, पदपथ आणि बसफेऱ्या या बाबतींत मधली चोवीस वर्षे डोळ्यांना दिसतात. १९९७ च्या गावांनाही सुविधा मिळायला एक पिढी गेली आणि बाणेर-बालेवाडीतील अनेक सोसायट्यांनी पाण्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. तेव्हा २०२१ च्या गावांना सगळे पाच-सात वर्षांत मिळेल असे धरून निर्णय घेऊ नये.

माझ्या मते पाणी हा पहिला निकष आहे आणि तो बाकीच्या सर्व निकषांच्या बराच वर आहे. विक्री कार्यालयात 'पाणी महापालिकेचेच आहे' असे उत्तर मिळते. ते खोटे असतेच असे नाही, कारण नळजोड खरोखर दिलेला असतो. त्या नळाला दिवसाला किती पाणी येते, हा खरा प्रश्न. नागरी पाणीपुरवठ्याचे प्रचलित मानक माणशी रोज १३५ लिटरचे आहे. दोनशे सदनिकांत सरासरी चार माणसे धरली तर सोसायटीला रोज १ लाख ८ हजार लिटर पाणी लागते. म्हणजे नळाला काहीच आले नाही तर दहा हजार लिटरचे जवळपास अकरा टँकर रोज आणावे लागतील, आणि निम्मे आले तरी पाच-सहा. हा खर्च देखभाल शुल्कात येतो, उन्हाळ्यात वाढतो आणि गृहकर्जाच्या हप्त्याप्रमाणे कधी संपत नाही.

बांधकाम परवानगी देताना, महापालिकेकडून पुरेसे पाणी मिळेपर्यंत पाण्याची व्यवस्था आपण करू असे हमीपत्र बांधकाम व्यावसायिकाकडून घेतले जाते. आपण घेत असलेल्या प्रकल्पाच्या कागदपत्रांत असे हमीपत्र आहे का ते विचारा आणि प्रत मागून घ्या. सोसायटी स्थापन होऊन कारभार रहिवाशांकडे आला की टँकरचे बिल बहुधा त्यांच्याच खात्यावर पडू लागते. त्या वेळी हातात कागद असला तर निदान भांडता येते.

बालेवाडीचे घर पुनर्विक्रीचे असल्यामुळे तेथे आपल्याला एक मोठी सोय आहे. सोसायटीच्या वार्षिक हिशेबपत्रकात टँकरखर्चाची स्वतंत्र नोंद असते. मागील तीन वर्षांची हिशेबपत्रके मागा. नव्या प्रकल्पात ही सोय नसते, म्हणून त्याच रस्त्यावरील पाच वर्षे जुन्या सोसायटीच्या सचिवांना भेटा. आणि शक्य असेल तर मे महिन्यात भल्या सकाळी त्या रस्त्यावर जा. टँकरची रांग कोणत्या फाटकाशी लागते ते पाहिले की बरेच प्रश्न विचारावे लागत नाहीत.

टँकरच्या पाण्याचा स्रोत हाही गंभीर विषय आहे. २०२५ च्या जानेवारीत नांदेड, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्त्यालगतच्या भागांत गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा विहिरी, खासगी शुद्धीकरण केंद्रे आणि टँकर भरण्याची ठिकाणे यांची तपासणी सुरू झाली. तोवर आपल्या टाकीत पडणारे पाणी कोठून येते हे अनेकांनी विचारलेच नव्हते. घरात ७४ वर्षांच्या आई असताना आपण ते आधीच विचारलेले बरे.

एवढे लिहूनही बावधन वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. चांदणी चौकातील जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडून ऑगस्ट २०२३ मध्ये नवे उड्डाणपूल खुले झाल्यापासून महामार्गावर चढणे सुसह्य झाले आहे. टेकडी जवळ आहे, हवा चांगली आहे. हिंजवडीला जाणाऱ्याला येथून महामार्ग थेट मिळतो. पुढे वाकडपासूनची कोंडी मात्र सर्वांच्याच वाट्याला सारखी.

मुक्ताई

आपण दोन गरजा एकत्र बांधल्या आहेत, त्या सुट्या करून पाहाव्यात असे सुचवते. आईंना लिफ्ट हवी आहे. आपल्याला आणि मुलीला खोली हवी आहे. यातील पहिली गरज आजची आहे, दुसरी दोन वर्षे थांबू शकते. बावधनचा ताबा दोन वर्षांनी मिळणार असेल तर तोपर्यंत आईंनी तिसऱ्या मजल्यावरच बसून राहायचे का?

दुसरे असे की लिफ्ट मिळाली म्हणजे आई घराबाहेर पडतील असे गृहीत धरू नका. खाली उतरल्यावर जायला जागा लागते. कर्वेनगरात त्यांची भाजीवाली, औषधांचे दुकान, देऊळ, निवृत्तिवेतनाची बँक आणि बाकावर बसणाऱ्या मैत्रिणी हे सारे चालत जाण्याच्या अंतरात असेल. म्हाळुंग्याच्या रुंद रस्त्यावर पदपथ नसलेल्या ठिकाणी त्या चालणार कशा? मोठ्या संकुलांत ज्येष्ठांचे गट जमतात आणि आतल्या आत फिरायला मोकळी जागाही असते, हे मान्य आहे. काहींना ते फार मानवते. आपल्या आईंना मानवेल का, हे त्यांनाच तेथे एक संध्याकाळ नेऊन विचारावे. आपल्या संपूर्ण प्रश्नात त्यांचे गुडघे आहेत, त्यांचे मत कोठेही नाही.

सूची क्रमांक दोन

मी मालमत्तेच्या दस्तांचे काम करतो. वस्तीविषयी इतर सभासद सांगतीलच. १ कोटी ४० लाखांत प्रत्यक्षात किती किमतीचे घर बसते, तेवढे मी मांडतो.

पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्थेचा अधिभार आणि मेट्रोचा अधिभार मिळून ७ टक्के भरावे लागतात. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास १ टक्का सवलत आहे, मात्र पतीचे नाव जोडले की ती जाते. नोंदणी शुल्क १ टक्का असले तरी त्याची कमाल मर्यादा ३० हजार रुपये आहे. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या किंवा पुनर्विक्रीच्या घरावर तो लागत नाही. म्हणजे १ कोटी २० लाखांच्या बावधनच्या घरावर ८ लाख ४० हजार शुल्क, ३० हजार नोंदणी आणि ६ लाख जीएसटी असे १४ लाख ७० हजार वर जातात. त्याच किमतीच्या बालेवाडीच्या घरावर यातील जीएसटीचे ६ लाख वाचतात, आणि जुन्या घराच्या दुरुस्तीला तेवढे पुरतात.

कर्जाबाबतही एक मर्यादा ध्यानात घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ७५ लाखांहून अधिक गृहकर्ज मालमत्तेच्या मूल्याच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देता येते, आणि एवढ्या किमतीच्या घरात मुद्रांक व नोंदणी शुल्क त्या मूल्यात धरले जात नाही. ते पैसे आपल्याकडे रोख असायला हवेत. शिवाय राहते घर विकून नव्याची रक्कम भरायची असेल तर दोन व्यवहारांच्या तारखा जुळवणे हेच सर्वांत जिकिरीचे काम असते. जुने घर विकून झालेल्या दीर्घकालीन नफ्यावरील करातून सूट हवी असल्यास तयार घर विक्रीपूर्वीच्या १ वर्षात किंवा विक्रीनंतरच्या २ वर्षांत घ्यावे लागते, आणि बांधकामासाठी ३ वर्षांची मुदत आहे. बावधनचा ताबा लांबला तर ही मुदत डोक्यावर बसते, त्यामुळे करारापूर्वीच सनदी लेखापालांना विचारा.

चौरस फुटांची तुलना करताना रेरा या स्थावर संपदा कायद्यातील चटई क्षेत्रच धरा. त्यात अंतर्गत भिंती येतात, बाल्कनी येत नाही. म्हाळुंग्याच्या खोल्या आपल्याला मोठ्या वाटल्या आहेत. त्या आकड्यात बाल्कनी आणि कोरडी बाल्कनी मिळवलेली नाही ना, हे महारेराच्या संकेतस्थळावरील प्रकल्पाच्या नोंदीशी ताडून पाहा. कराराची नोंदणी होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास कायद्याने मनाई आहे, हेही ठाऊक असू द्या.

आता आपण न विचारलेला प्रश्न. आपली इमारत १९९८ मधली, तीन मजली आणि लिफ्टविना आहे. कर्वेनगर-कोथरूड पट्ट्यात अशाच इमारती पुनर्विकासाला जात आहेत. आपल्या सोसायटीत त्याची चर्चा आहे का? जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, म्हणजे जमीन कायदेशीररीत्या सोसायटीच्या नावे झाली आहे का? इमारतीसमोरचा रस्ता किती रुंद आहे? ही तीन उत्तरे मिळाल्याशिवाय राहते घर विकण्याचा निर्णय घेऊ नका. पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर असलेले घर आजच्या भावाने विकले तर वाढीव क्षेत्राचा लाभ पुढच्या मालकाला मिळतो.

तिसरा मजला

सर्वांचे मनापासून आभार.

पुनर्विकासाची चर्चा आहे. समोरचा रस्ता विकास आराखड्यात १२ मीटरचा आहे. सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण मात्र अद्याप झालेले नाही. बारा सभासदांपैकी आठ अनुकूल आहेत. दोघे परदेशी असून कळवू म्हणतात आणि दोघांचा ठाम विरोध आहे, कारण त्यांनी अलीकडेच घराचे नूतनीकरण केले आहे. या चर्चेत बरीच वर्षे गेल्यामुळे मी ती शक्यता मनातून काढून टाकली होती.

आईला काल विचारले. तिचे उत्तर असे की तिला खोली लहान चालेल, पण खाली उतरल्यावर ओळखीचे कोणी भेटले पाहिजे.

निळी रेषा

मी शासकीय सेवेत जलसंपदा क्षेत्रात स्थापत्य अभियंता म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. टोपणनावावरून कल्पना आली असेलच. घर घेताना लोक दिशा पाहतात, मजला पाहतात, पण पूररेषा पाहत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते.

निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत निवासी बांधकामास परवानगी नसते, दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात ती अटींसह मिळते. '२५ वर्षांतून एकदा' याचा अर्थ पूर पंचवीस वर्षे थांबून मग येतो असा कोणी काढू नये. तो लागोपाठ दोन वर्षेही येऊ शकतो. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडल्यानंतर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले, ते या शहरात सर्वांनी पाहिले आहे. कर्वेनगरचा नदीकडचा भागही त्याच मुठेच्या काठी आहे, तेव्हा आपली सध्याची इमारत नदीपासून किती दूर व किती उंच आहे तेही पाहून ठेवा.

आपण पाहिलेली बालेवाडी आणि म्हाळुंगे ही ठिकाणे मुळा नदीच्या बाजूची आहेत. मुळेवर वरच्या अंगाला मुळशीचे धरण आहे आणि पावसाळ्यात तेथील विसर्ग वाढला की खाली बालेवाडी, बाणेर, वाकडच्या काठांवर पाणी चढते. बावधनमधून रामनदी वाहते, जी भूगावकडून येऊन पाषाण-बाणेरमार्गे मुळेला मिळते. ती एरवी ओढ्याएवढी दिसते म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. परंतु २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने दक्षिण पुण्यात काय केले ते आठवले, तर पात्राच्या आजच्या रुंदीवर विश्वास ठेवू नये हे पटेल. ओढ्यांवर भराव टाकून, त्यांना पाइपात घालून वरती वाहनतळ केलेले या भागांत जागोजागी आढळते. तळघरात वाहने लावण्याची सोय असेल तर त्या तळघरात पाणी कधी शिरले होते का, असे सुरक्षारक्षकाला विचारावे. व्यवस्थापक सांगणार नाही, सुरक्षारक्षक सांगतो.

बावधन, पाषाण, बाणेर येथील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. टेकडीच्या पायथ्याचे घर घेत असाल तर विकास आराखड्याच्या नकाशावर आपला सर्व्हे क्रमांक शोधून त्यावर कोणता रंग आहे ते वास्तुविशारदाकडून समजून घ्या. खिडकीतून दिसणारी हिरवळ राहील की तेथे रस्ता येईल, याचे उत्तर त्या नकाशात असते. २०२१ च्या गावांसाठी विक्री कार्यालयात टांगलेल्या नकाशावर मुळीच विसंबू नये. त्यात आखलेला ३० मीटरचा रस्ता मध्येच एखाद्या शेतापाशी थांबलेला असतो आणि भूसंपादनाचे भिजत घोंगडे अनेक वर्षे तसेच पडते.

मेट्रोविषयी थोडक्यात. वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मार्गिका चालू आहेत. वनाजपासून चांदणी चौकापर्यंतच्या विस्तारास केंद्राने २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. हिंजवडी ते शिवाजीनगर ही तिसरी मार्गिका वाकड चौक, बालेवाडी आणि बाणेर रस्त्याने विद्यापीठाकडे जाते. तिच्या तारखा वारंवार पुढे गेल्या आहेत. आपल्या कुटुंबापुरते पाहिले तर बालेवाडीच्या घराचा फायदा असा की एकाच मार्गिकेवर एका टोकाला आपले कार्यालय आहे, आणि दुसऱ्या टोकाला दिवाणी न्यायालयापाशी गाडी बदलून पत्नींना मंडईच्या स्थानकापर्यंत जाता येईल. मात्र सकाळी सातच्या शाळेसाठी पहिली गाडी किती वाजता सुटते आणि घरापासून स्थानक किती लांब आहे, यावर सगळे अवलंबून राहील. मंजूर झालेल्या मार्गासाठी आज जास्तीचे पैसे मोजणे मला योग्य वाटत नाही. रूळ आणि खांब दिसत असतील तर थोडे मोजावेत.

रामनदीकाठ

'सूची क्रमांक दोन' यांच्या पुनर्विकासाच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. बारा जणांचे एकमत व्हायचे, मग निविदा, मग परवानग्या, मग तीन वर्षे बांधकाम. तोवर मुलगी पदवीधर होईल. दरम्यान विकासकाने भाडे थांबवले तर चार माणसांनी जायचे कोठे? आपल्या आसपास अर्धवट सांगाडे उभे असलेले पुनर्विकास प्रकल्प काही कमी नाहीत.

सूची क्रमांक दोन

धोका आहेच, तो मी नाकारत नाही. परंतु एकमत लागते हा समज चुकीचा आहे. २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाच्या निर्णयासाठी एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. बारापैकी आठ म्हणजे ती मर्यादा आजच ओलांडलेली आहे. मात्र ही संमती रीतसर बोलावलेल्या विशेष सर्वसाधारण सभेत नोंदली जायला हवी. जिन्यात झालेल्या गप्पांना किंमत नाही. समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असता तर वाढीव एफएसआय (भूखंडावर किती बांधता येते ते प्रमाण) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) वापरता आला नसता आणि कोणी चांगला विकासक फिरकला नसता. आपला १२ मीटरचा आहे, तोही केवळ आराखड्यात आहे की जागेवर आहे ते मोजून घ्या. अभिहस्तांतरण राहिले असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो आणि त्यासाठी मूळ बिल्डरच्या सहीची गरज नसते. पुनर्विकास करा किंवा करू नका, तो अर्ज सोसायटीने आता करावाच, कारण त्याने आपल्या घराची विक्रीयोग्यताही वाढते.

वाकड चौक

हिंजवडीत नोकरी आहे म्हणून कोणी आपल्याला थेट हिंजवडी-माण भागात घर सुचवील, त्यासाठी चार ओळी लिहितो. तेथे आयटी पार्क एमआयडीसीचे आहे, गावाचा कारभार ग्रामपंचायतीचा आहे आणि बांधकाम परवानग्या पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) देते. रस्त्यात पाणी साचले तर तक्रार कोणाकडे करायची हे ठरवण्यातच पावसाळा संपतो. वाकड, पुनावळे, रावेत ही पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहेत. रस्ते रुंद आहेत आणि कारभार त्या मानाने बरा वाटतो. पण २०१९ च्या अखेरीपासून तेथे दिवसाआड पाणी येते आणि सोसायट्या टँकर घेतात. शिवाय आपल्या पत्नींची सातची शाळा येथून अवघड आहे. घरातील एका माणसाच्या आठवड्यातील तीन दिवसांसाठी दुसऱ्याचे सहा दिवस लांबवू नयेत, असे मला वाटते.

तिसरा मजला

पुन्हा एकदा सर्वांचे आभार. घरी बसून बराच विचार केला. म्हाळुंगे आम्ही सोडून दिले आहे. शेजारच्या सोसायटीच्या सचिवांनी टँकरचा मासिक खर्च मोकळेपणाने सांगितला आणि प्रत्येक घरामागे त्याचा भाग काढल्यावर आणखी काही विचारावेसे वाटले नाही. बावधनचे घर पत्नीला आवडले आहे, पण दोन वर्षांचे थांबणे आईला परवडणारे नाही.

सध्याचा विचार असा आहे की मुलीची दहावी होईपर्यंत कर्वेनगरातच लिफ्ट असलेल्या इमारतीत भाड्याने राहावे, आपले घर भाड्याने द्यावे आणि दोन्हींतील फरक तेवढा सोसावा. दरम्यान सोसायटीची विशेष सभा बोलावून पुनर्विकासाचा विषय एकदाचा मतास टाकावा. तो फेटाळला गेला तर बालेवाडीसारखे तयार घर शोधू. पत्नीला मात्र भीती वाटते की दोन वर्षांत भाव आपल्या आवाक्याबाहेर जातील. त्या भीतीत कितपत तथ्य आहे? आणि बालेवाडीचे घर अजूनही विकले गेले नसेल, तर त्याची कोणती कागदपत्रे पाहावीत?

मुक्ताई

भाव वाढले तर आपल्या कर्वेनगरच्या घराचेही वाढतील. आपल्याला भिडणार आहे तो दोन्हींतील फरक, आणि तो संपूर्ण किमतीइतका नसतो. भाड्याचे घर शोधताना आईंच्या नेहमीच्या बाकापासून पाच मिनिटांच्या आत शोधा.

सूची क्रमांक दोन

बालेवाडीसाठी: भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची परवानगी) आपण पाहिलेल्या नेमक्या मजल्यासह आहे का ते तपासा, कारण कधी ते काही मजल्यांपुरतेच दिलेले असते. मूळ करारापासून आजच्या मालकापर्यंतची सर्व खरेदीखते आणि त्यांची सूची क्रमांक दोन (नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश उतारा) मागा. वकिलांकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या. जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे का हे मालमत्ता पत्रकावर किंवा सातबारावर दिसेल. वाहनतळाची जागा करारात आहे की तोंडी सांगितलेली, हे विचारा. विक्रेत्याचे गृहकर्ज असल्यास बँकेचे थकबाकीचे पत्र लागेल. किंमत ५० लाखांहून अधिक असल्यामुळे विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का कर कापून तो आपणच भरायचा आहे. ताबा घेतल्यावर स्वतः राहत असल्याबद्दलचा पीटी-३ अर्ज महापालिकेत द्या. तो दिला नाही तर मिळकतकरातील ४० टक्के सवलत मिळणार नाही. आपले कर्वेनगरचे घर भाड्याने दिल्यावर तेथील हीच सवलत जाते, तेव्हा दोन भाड्यांतील फरक काढताना तेवढी रक्कम धरून ठेवा.